भाऊनं बसवलेली दुसरी खिडकी

निर्मलावहिनीचा फोन आला तेव्हा मी पांढुर्ण्याच्या घरी मेथी निवडत बसले होते. वहिनी फोनवर तशीही हळूच बोलते, पण त्या सकाळी तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला दोनदा 'काय?' म्हणावं लागलं. "बाई, हे उठून नाही राहिले," ती म्हणाली. "हात लावला तर थंड आहे… तू येऊन जा. वैशू बाजूच्या खोलीत आहे, मले जोरात बोलता नाही येत." नवरा गेल्याचं सांगतानाही तिला आवाज चढवता आला नाही. मी मेथी तशीच ताटात टाकली, पर्स घेतली आणि स्टँडवर आले. सौसरची बस लागली होती, पण ती सुटेना. ड्रायव्हर खाली चहा पीत होता. मी खिडकीशी बसले, उठले, पुन्हा बसले. माझा थोरला भाऊ आडवा पडलेला आहे, हे काही केल्या माझ्या डोळ्यांसमोर येईना. मी त्याला जेवतानासुद्धा धड बसलेला पाहिला नव्हता. ताट हातात घेऊन तो अंगणात फिरत जेवायचा. वहिनी म्हणायची, "पोटाले तरी समजू द्या, जेवण आलं म्हणून."

भाऊ सरकारी शाळेत खेळाचा मास्तर होता. प्रभाकर सर म्हटलं की सौसरात अजूनही लोक आधी त्याच्या आवाजाबद्दल बोलतात. मैदानावर तो 'सावधान' म्हणायचा आणि पलीकडच्या गल्लीत सायकलवरून चाललेला माणूस पाय टेकून थांबायचा. लहानपणी आम्ही दोघं भांडलो की आई मला नाही, त्याला आत ओढायची. त्याचं ओरडणं शेजाऱ्यांना ऐकू जायचं आणि माझं नाही, म्हणून भांडण एकट्या त्याचंच आहे असं सगळ्यांना वाटायचं. अशा माणसाच्या घरी वैशाली, आमची वैशू, जन्मली. अतुलनंतरची ही मुलगी. कुकरची शिटी झाली की ती जमिनीवर डोकं आपटायची. लग्नाची वरात दारावरून गेली की दोन दिवस जेवायची नाही. गावातल्या बायांनी नाना गोष्टी सांगितल्या, अंगारे झाले, आणि मग बऱ्याच उशिरा नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की मुलगी स्वमग्न आहे. तुम्हाआम्हाला जो आवाज नुसता आवाज वाटतो, तो तिला अंगावर मारल्यासारखा लागतो. वहिनीनं मला मागाहून सांगितलं, भाऊ परतीच्या बसमध्येच हळू बोलायला लागला. घरी आला तो कुजबुजतच. त्यानंतर घरात त्याचा मोठा आवाज कोणी ऐकला नाही. शाळेत गर्जायचा आणि फाटकातून आत पाऊल टाकलं की ओठांनीच बोलायचा. मग ती दाबून ठेवलेली सगळी ताकद पायांत उतरायची की काय कोण जाणे… तो येरझारा घालायचा. ओट्यावर, अंगणात, गच्चीवर.

घर आमच्या बाबूजींनी बांधलेलं. रस्त्याला लागून, जाड भिंतींचं. त्या काळी सागवान सहज मिळायचं म्हणून खिडक्या सागवानाच्या, दोन पल्ल्यांच्या, मध्ये लोखंडी गज. वैशूची खिडकी रस्त्याकडची. ती लहानपणापासून तिथंच बसायची. एका गजावर हात फिरवत राहायची, वरून खाली, खालून वर. तेवढा एक गज आरशासारखा चकचकीत झाला होता. तेव्हा रस्त्यावर होतंच काय! बैलगाड्या, सायकली, छिंदवाड्याच्या बसेस आणि संत्र्यांच्या दिवसांत पेट्या लादलेले मेटाडोर. मग रस्ता रुंद झाला, समोरची कडुनिंबाची झाडं गेली आणि बोरगावकडचे मोठे ट्रक दारावरून जायला लागले. त्यांचे ते सूर लावलेले हॉर्न! पल्ले घट्ट लावले तरी फटींतून आवाज आत यायचाच. वैशू कानांवर हात ठेवून किंचाळायची. बत्तीस वर्षांची बाई… पण किंचाळणं तेच, लहानपणचं. तिला मागच्या खोलीत नेऊन पाहिलं, ती पुन्हा खिडकीशी येऊन बसली. खिडकीला गाद्या लावून पाहिल्या, तिनं ओढून काढल्या. अतुलनं इंदूरहून कानांवर लावायचं काहीतरी महागाचं आणलं, ते तिनं विहिरीत टाकलं. आवाज सहन होत नव्हता आणि आवाज जिथून येतो ती जागाही सोडवत नव्हती.

भाऊ तेव्हा नुकताच निवृत्त झाला होता. करायला काम नाही, पाय थांबत नाहीत आणि मुलगी समोर किंचाळते आहे. तो आतल्या आत पेटल्यासारखा झाला. अतुल इंदूरला नोकरीला, त्याच्या फ्लॅटला दुहेरी काचेच्या खिडक्या. तो फोनवर म्हणाला, "बाबा, हे जुनं लाकूड काढून टाका सगळं. चौकटीसकट. नवीन खिडक्या बसवा, दोन काचांच्या. बाहेरचं कुत्रंसुद्धा ऐकू येत नाही." भाऊनं दुसऱ्याच दिवशी मला फोन केला. "मालू, नागपूरला चालतं का? मले एकट्याले दुकानवाले गुंडाळतील." खरं तर त्याला कोणी गुंडाळू शकलं नसतं. त्याला सोबत हवी होती.

त्या दिवशीचं आठवलं की आजही हसू येतं. भाऊनं घरासमोरच्या ट्रकचा हॉर्न मोबाइलमध्ये भरून घेतला होता. दुकानात काचेच्या चमचमत्या खिडक्या उभ्या करून ठेवलेल्या. विकणारा तरुण टाय लावून उष्णता, धूळ, एसीचं बिल असं घडाघडा सांगत होता. भाऊनं त्याचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही. मोबाइल माझ्या हातात दिला. "तू पलीकडं जा आणि वाजव. पूर्ण जोरात." मी काचेच्या पलीकडे जाऊन हॉर्न वाजवला. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. भाऊ काचेला कान लावून डोळे मिटून उभा. मग दुसऱ्या खिडकीपाशी. मग तिसऱ्या. शेवटी आतून दुकानाचे मालक बाहेर आले. वयस्क गृहस्थ. त्यांना वाटलं भांडण सुरू आहे. भाऊनं त्यांना वैशूचं सगळं सांगितलं, उभ्या उभ्याच. ते ऐकून घेऊन म्हणाले, "सर, आमच्या या तयार दुहेरी काचेत दोन काचांमधली फट बोटाएवढी असते. गरमीला उत्तम, धुळीला उत्तम. आवाजही कमी होईल. पण ट्रकची ती घरघर आहे ना, खालच्या सुरातली, तिला मध्ये जास्त जागा लागते. तुमच्या भिंती जाड आहेत म्हणता. तर जुनी खिडकी तशीच ठेवा आणि आतल्या अंगाला दुसरी सरकती काच बसवा. मध्ये वीतभर पोकळी ठेवा. मात्र जुनी चौकट ठणठणीत पाहिजे. उधळीनं लाकूड पोखरलं असेल, पल्ले वाकडे झाले असतील, तर मग काढूनच टाका, उगीच मेल्याला औषध नको."

हा सरळ सल्ला होता, पण भाऊला सरळ सल्ल्यानं चैन कसं पडावं! परतताना सावनेर मागे टाकेपर्यंत त्याचं मन नव्या खिडक्यांवर बसलेलं. "अतुल म्हणते ते बरोबर आहे. एकदाचं काढून टाकू. अर्धवट काम नको." लोधीखेडा येईपर्यंत उलटं. "पण तिचा गज? नवीन खिडकीले गज बाहेरून लागतील, काचेच्या पलीकडं. तिचा हात कुठं जाईल?" घर आलं तेव्हा कुठलाच विचार पक्का नव्हता. रात्रीच्या जेवणाला तो पुन्हा ताट घेऊन अंगणात.

वहिनीचं म्हणणं वेगळंच होतं आणि ते कोणी विचारलंही नव्हतं. एके दुपारी तीच म्हणाली. माझ्यासमोर म्हणाली, म्हणून मला ठाऊक. "तुमी हिच्यासाठी घर बंद करून राहिले. बरोबर आहे. पण उन्हाळ्यात मी स्वयंपाकघरातून येऊन कुठं बसू? कूलर त्या खिडकीत लागते. हवा कुठून येईल मले?" भाऊ चालता चालता थांबला. वहिनीकडे पाहत राहिला. एवढ्या दिवसांत खिडकीशी तिचाही काही संबंध असेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग हळूच म्हणाला, "सरकती असली तर उघडता येईल ना वो. ट्रक नसला की उघडायची." "आणि ट्रक आला की धावत जाऊन लावायची? कोण लावेल?" वहिनीनं विचारलं.

शेवटी त्यानं आधी एक खिडकी करून पाहायचं ठरवलं. मागच्या खोलीतली, अतुलची. तिथल्या चौकटीला खालून उधळी लागलेलीच होती, त्यामुळे ती काढण्यावाचून इलाज नव्हता. माणसं आली, जुनी चौकट उपटली. वैशूला त्या दिवशी माझ्याकडे पांढुर्ण्याला पाठवायचं ठरलं होतं, पण ती गाडीत बसलीच नाही. ती आतल्या दारात उभी राहून पाहत होती. भिंतीत मोठं भगदाड पडलेलं आणि अंगणात सागवानाचे पल्ले टेकवून ठेवलेले. ती किंचाळली नाही. किंचाळली असती तर बरं झालं असतं. ती गेली, एक पल्ला उचलला, तिच्या मानानं फार जड होता तो, आणि ओढत ओढत आपल्या खोलीत नेला. पलंगावर ठेवला आणि त्याच्या शेजारी झोपली. रात्री जेवली नाही, सकाळी जेवली नाही. नवी खिडकी बसली. पांढरीशुभ्र, घट्ट, खरोखर चांगली. खोली गार राहायला लागली, धूळ थांबली. वहिनीनं तर आपला भाजी निवडण्याचा पसारा तिकडेच हलवला. पण वैशू त्या खोलीच्या उंबऱ्यापलीकडे गेली नाही.

भाऊचा मला फोन आला. "तिची खिडकी नाही काढत मी," म्हणाला. "तिची जुनीच राहील. आतून दुसरी बसवतो." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. मला वाटलं, सुटला एकदाचा. पण त्याचं अस्वस्थ होणं तिथून खरं सुरू झालं. सुतार बोलावून जुने पल्ले काढून, रंधा मारून सरळ केले, फटींना रबराच्या पट्ट्या लावल्या, भिंतीच्या आतल्या कडेला नवी चौकट बसवली. काच जाड, पल्ले उघडे असले तरी बराच आवाज अडवणारी, फुटली तरी तुकडे न सांडणारी. गज तिथंच, काच सरकवली की हाताला लागणारा. सगळं नीट झालं. पहिल्या दुपारी ट्रक गेला. काच लावलेली होती. वैशूनं हात कानांकडे नेले आणि अर्ध्यातच थांबले तिचे हात. भाऊ मला सांगत होता तेव्हा स्वतःचे हात तसेच अर्ध्यावर धरून दाखवत होता. "मालू, ती इकडं तिकडं पाहत होती. आवाज कुठं गेला म्हणून…"

आणि त्याच संध्याकाळी तिनं काचेवर डोकं आपटलं. दिवा लागला, बाहेर अंधारलं आणि काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. खिडकीत कोणी बाई येऊन बसली आहे, असं तिला वाटलं असावं. कपाळाला टेंगूळ आलं. काच टिकली. अतुल फोनवर चिडला. "मी सांगत होतो, एकदाच नवीन करा, तिला होईल सवय." वहिनी रडली. भाऊ रात्रभर गच्चीवर. सकाळी त्यानं आतला दिवा काढून खोलीच्या कोपऱ्यात नेला, खाली, चौरंगावर, कापडाच्या आडोशात, म्हणजे काचेत चेहरा पडणार नाही. आणि संध्याकाळ झाली की बाहेरचा दिवा लावून तो स्वतः ओट्यावर, बरोबर खिडकीसमोर जाऊन बसायला लागला. तिला पलीकडे स्वतःऐवजी तो दिसावा म्हणून.

मी तेव्हा दर रविवारी जायची. माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसत नव्हता. माझा भाऊ एका जागी बसला होता! ट्रकची धूळ अंगावर घेत, हातात काही नाही, मांडी घालून. बाहेरून तो हात डावीकडून उजवीकडे न्यायचा आणि ओठांनी म्हणायचा, "सरकव." वैशू पाहायची. तो पुन्हा करायचा. मी एकदा म्हटलं, "भाऊ, तू आत जाऊन लावून दे ना. कायले हा खटाटोप?" तो म्हणाला, "मी लावून देईन. निर्मला लावून देईल. आणि मग?" रस्त्याकडे पाहत तो म्हणाला, "आमच्यामागं तिले कोणाच्या तोंडाकडं पाहायचं काम नाही पडलं पाहिजे. एवढं एक तरी तिच्या हातात पाहिजे. बाकी काय देऊन राहिलो आपण तिले?"

पावसाळा गेला, दसरा झाला. एका रविवारी मी पोचले तर भाऊ ओट्यावरून मला हातानंच थांब म्हणाला. दूरवर ट्रकचा हॉर्न वाजला. आत वैशू उठली. तिनं गजावरचा हात काढला आणि काच ओढली. अर्धी आली, अडली. तिनं पुन्हा ओढली. लागली. ट्रक धडधडत गेला. ती काचेला गाल लावून उभी होती आणि चेहऱ्यावर काही नाही, एकदम काही नाही, शांत. ट्रक दिसेनासा झाला तशी तिनं काच उघडली आणि हात पुन्हा गजावर ठेवला. भाऊ उठला, फाटकाबाहेर गेला, रस्ता ओलांडून पलीकडच्या शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिला आणि तिथून त्यानं आरोळी ठोकली. शब्द नव्हता तो. शाळेच्या मैदानावरचा त्याचा तो आवाज, किती वर्षांनी ऐकला मी! वहिनी घाबरून बाहेर आली, "काय झालं वो यांले?" मला हसू आवरत नव्हतं आणि डोळे पुसणंही आवरत नव्हतं.

त्यानंतरचे महिने, मला वाटतं, त्या घरातले सगळ्यांत चांगले गेले. वैशू भाजीवाल्याला उघडायची, ट्रकला लावायची. वरात आली, लावली. कोकिळा ओरडायला लागली, उघडली. तिला काय आवडतं आणि काय नाही, हे आम्हाला बत्तीस वर्षांनी कळायला लागलं. शेजारच्या जोशीकाकू बोलायला लागल्या की ती काच लावते, यावरून तर वहिनी तोंडाला पदर लावून हसायची. उन्हाळ्यात वहिनी नव्या खिडकीच्या गार खोलीत निवांत पडायची. भाऊ मात्र पुन्हा फिरायला लागला होता. त्याची संध्याकाळची फेरी लांबत गेली. रस्त्यानं पार मोहगावच्या दिशेनं जायचा आणि दिवे लागताना परत यायचा; तोवर वैशू काच उघडी ठेवून त्या रस्त्याकडे पाहत असायची. छातीत जळजळतं म्हणायचा. दाखव म्हटलं की, "मसालेदार खाल्लं, दुसरं काय," म्हणून उडवून लावायचा. आणि मग ती सकाळ आली.

बस एकदाची सौसरला पोचली तेव्हा घरात माणसं जमली होती. भाऊला पुढच्या खोलीत ठेवलं होतं, वैशूच्या खिडकीला लागूनच. बायांनी हंबरडा फोडला, जसा फोडतात, मीही फोडला असेल. आणि मी पाहिलं, वैशू खिडकीशी उभी होती आणि काच लावत होती. लागली. आवाज थांबला नाही. तिनं उघडली, पुन्हा लावली, नीट दाबून. तरी थांबला नाही. पुन्हा उघडली, पुन्हा लावली… आवाज आज घराच्या आत होता आणि ते तिला कळायला मार्ग नव्हता. वहिनी भाऊच्या उशाशी बसली होती. तिनं ते पाहिलं आणि उठली. खोलीभर नजर फिरवली, आणि हात जोडून, कुजबुजत म्हणाली, "कोणी रडू नका. हात जोडते तुमाले. माह्या पोरीले सहन नाही होत." इतकं सगळं गाव तिथं होतं, नातलग, त्याचे विद्यार्थी, बाजारातले लोक. एकेकानं तोंडावर पदर घेतला, रुमाल घेतला. भाऊला नेलं तेव्हा रामनामही ओठांतच म्हटलं गेलं. असं नि:शब्द उचललेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

दिवस झाल्यावर अतुल दोघींना इंदूरला घेऊन गेला. त्याचं चूक नव्हतं. आई एकटी, बहीण अशी, तो तरी काय करणार! फ्लॅट सातव्या मजल्यावर, सगळीकडे दुहेरी काचा, आवाजाचं नाव नाही. वहिनी सांगत होती, वैशू या खिडकीतून त्या खिडकीत हिंडत राहिली. खाली पाहायची, माणसं मुंग्यांसारखी. एकाही काचेपाशी बसली नाही. भाऊसारखीच येरझारा घालायला लागली होती. आठवड्यानं वहिनीच म्हणाली, "पोहोचवून दे रे बापा आमाले. तिथंच बरं." अतुल आला, सोडून गेला. घर विकायचं की ठेवायचं, आईनं एकटीनं कुठवर रेटायचं, मी पांढुर्ण्याचं घर बंद करून तिकडे जाऊन राहावं का, हे सगळं अजून तसंच लोंबकळत आहे. मी रात्री उठून बसते. काहीच ठरत नाही.

त्यांना परत आलेलं पाहायला मी गेले होते. दाराचं कुलूप काढलं, वैशू सरळ खिडकीशी गेली, काच उघडली, हात गजावर. मला बरं वाटलं. मग ट्रक आला. तिनं दोन्ही हात कानांवर दाबले, डोळे मिटले, पण काच लावली नाही. मी उठून लावली. तिनं माझा हात बाजूला केला आणि उघडली. दुसरा ट्रक आला. तेच. दिवे लागेपर्यंत ती तशीच बसली, कान दाबून, कळवळत, मोहगावच्या बाजूच्या रस्त्याकडे तोंड करून. वहिनी दारातूनच म्हणाली, "लावून नको देऊ, बाई. मी पाहिलं करून. ती वाट पाहून राहिली."

काल संध्याकाळी वहिनीशी फोनवर बोलत होते. जेवलात का, दूधवाला येतो का, असंच काहीबाही. मध्येच फोनमधून ट्रकचा हॉर्न इतक्या जोरात आला की मी फोन कानापासून दूर धरला. मी काही विचारलं नाही. वहिनीनं ट्रक जाऊ दिला आणि मग म्हणाली, "हो, उघडीच आहे."